विश्लेषण : निवृत्तीनंतर मुलांकडे अमेरिकेत कायमचे, पण पहिल्या पाच वर्षांच्या विम्याचे काय?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली, की पुण्या-ठाण्यापासून सांगली-अकोल्यापर्यंतच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘‘आई-बाबा, आता तुमचेही ग्रीन कार्ड करून टाकू.’’ मग फायली निघतात, जुने दाखले शोधले जातात, नातवंडांसाठी भाजणी आणि मसाले कुटले जातात. या धावपळीत दोन गोष्टी मागे पडतात. कागदांवर नावे जुळतात का, हे मुलाखतीच्या तोंडावर कळते. आणि आजारपणाचा खर्च कोण देणार, हे बहुधा तिकडे पोहोचल्यावर.

दुसरी गोष्ट अधिक महागात पडते. अमेरिकेतील ज्येष्ठांची सरकारी आरोग्य विमा योजना, म्हणजे मेडिकेअर, नव्याने आलेल्या पालकांना पहिली पाच वर्षे मिळत नाही. तिकडे जायचे म्हणून अनेक जण भारतातली जुनी पॉलिसीही बंद करतात. परिणामी ६८-७० वर्षांचे, रक्तदाब-मधुमेह असलेले दाम्पत्य दोन्ही देशांत विम्याविना राहते. हे टाळता येते. त्यासाठी कामे कोणत्या क्रमाने करायची, हे ठाऊक हवे.

कोणाला जाता येते?

अमेरिकी नागरिक असलेल्या आणि २१ वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला किंवा मुलीला आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो. मुलाकडे स्वतःचे केवळ ग्रीन कार्ड असेल तर हा मार्ग बंद असतो. भावंडांच्या अर्जाला वर्षानुवर्षे रांग असते. पालकांच्या या प्रवर्गात वार्षिक मर्यादा नसल्याने तशी रांग नाही. मात्र आई आणि वडील यांच्यासाठी ‘आय-१३०’ हा अर्ज वेगवेगळा भरावा लागतो, आणि त्यांच्यासोबत धाकट्या अविवाहित मुलाला ‘जोडून’ नेता येत नाही. धाकटी मुलगी आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या घरांत हा मुद्दा सुरुवातीलाच स्पष्ट झालेला बरा.

अर्ज मंजूर झाला की ‘डीएस-२६०’ हा ऑनलाइन अर्ज, कागदपत्रे, पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा पोलीस पडताळणीचा दाखला, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी व लसी, आणि शेवटी मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत. मुलगा ‘आय-८६४’ हे हमीपत्र देतो. त्याचे उत्पन्न, आई-वडील धरून मोजलेल्या कुटुंबासाठी ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. ही नुसती औपचारिकता नव्हे. कायद्याने बांधून घेणारे हे हमीपत्र पालक नागरिक होईपर्यंत किंवा देश कायमचा सोडेपर्यंत सहसा संपत नाही.

व्हिसा हाती आला की तो साधारण सहा महिने चालतो. त्याची मुदत वैद्यकीय तपासणीशी बांधलेली असते. म्हणजे घर, बँक, पेन्शन, विमा हे सगळे आवरायला मोकळे असे सहाच महिने मिळतात. म्हणून ही कामे व्हिसाची वाट न पाहता, अर्ज दाखल झाला त्याच आठवड्यात सुरू करावीत.

नावाचा घोळ इतका का होतो?

कारण मराठी नावाची पद्धतच तशी आहे. स्त्रीच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. लग्नानंतर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव येते. आजच्या सत्तरीतल्या कित्येक स्त्रियांचे पहिले नावही लग्नात बदललेले आहे. पुढे मुलाच्या जन्मनोंदीत दवाखान्याने आईचे माहेरचे नाव लिहिले, कुठे नुसतेच ‘सौ.’ लावून घरातले लाडाचे नाव लिहिले. पासपोर्ट निघाला तेव्हा आणखी एक स्पेलिंग आले. घरच्यांच्या दृष्टीने ही एकच बाई आहे. कागदावर त्या तीन आहेत.

अमेरिकेच्या प्रक्रियेत हा प्रश्न नेमका कळीच्या ठिकाणी येतो. आईशी नाते सिद्ध होते ते मुलाच्या जन्मदाखल्यावरील आईच्या नावाने. वडिलांशी नाते सिद्ध करायला मुलाचा जन्मदाखला आणि आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला, दोन्ही लागतात. लग्न ४५ वर्षांपूर्वी गावच्या मंडपात झाले आणि नोंदणी कधी केलीच नाही, अशी घरे महाराष्ट्रात कमी नाहीत.

त्यावर उपाय आहेत, फक्त वेळ लागतो. जुन्या लग्नाचीही महाराष्ट्रात आता नोंदणी करता येते. त्यासाठी साक्षीदार, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींचा तपशील लागतो. गुरुजी हयात नसतील आणि पत्रिकाही नसेल तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याचा मसुदा त्या-त्या कार्यालयातच विचारून घ्यावा. लग्नाचा हा दाखला माहेरचे आणि सासरचे नाव यांना जोडणारा सर्वात भक्कम दुवा ठरतो. स्पेलिंगचा किरकोळ फरक असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र बरेचदा पुरते. पहिले नावच बदललेले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी घेतलेली बरी. मुलाच्या जन्मदाखल्यात चूक असेल तर ती पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातूनच दुरुस्त व्हावी. तिथे प्रतिज्ञापत्राने भागवण्याचा प्रयत्न करू नये.

एक ताळेबंद सुरुवातीलाच मांडावा. एका कागदावर आडव्या ओळीत पासपोर्ट, आधार, पॅन, पेन्शनचा आदेश, मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला. उभ्या ओळीत नाव, स्पेलिंग, जन्मतारीख. जिथे फरक दिसेल तिथे लाल खूण. बहुतेक घरांत या कागदावर किमान तीन लाल खुणा निघतात.

स्वतःची जन्मनोंदच नसेल तर?

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा आहे. त्याआधी जन्मलेल्यांच्या नोंदी कुठे पालिकेत, कुठे गावच्या दप्तरात आहेत आणि कुठे नाहीतच. नोंद असली तरी तिच्यात बाळाचे नाव नसते. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ एवढेच लिहिलेले असते. अशा वेळी ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला जन्मगावच्या पालिका किंवा ग्रामपंचायतीकडून घ्यायचा आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला व वयाने मोठ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडायची, अशी रीत आहे. मोठा भाऊ, मामा, आत्या असे जन्माची माहिती असलेले नातेवाईक हयात असतानाच ही प्रतिज्ञापत्रे करून ठेवावीत. मराठीतील दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीच्या प्रमाणपत्रासह, सोबत ठेवावे.

मेडिकेअर लगेच का मिळत नाही?

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिक ज्या मेडिकेअरवर विसंबून असतात, तिचा रुग्णालयीन भाग म्हणजे ‘पार्ट ए’. ज्यांनी स्वतः किंवा जोडीदाराने तिथे साधारण दहा वर्षे काम करून कर भरला आहे, त्यांना तो विनाहप्ता मिळतो. मुलाने वीस वर्षे कर भरला असला तरी त्याचा फायदा आई-वडिलांच्या खात्यावर जमा होत नाही. हा गैरसमज सर्वात जास्त आढळतो, आणि त्याचे मूळ चांगल्या भावनेत आहे : ‘मुलगा तिथला आहे, म्हणजे सरकार बघेल.’

काम न केलेल्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर विकत घेता येते. पण वय ६५ पूर्ण असावे आणि अर्जाच्या लगेच आधी अमेरिकेत सलग पाच वर्षे वास्तव्य असावे, अशी अट आहे. विकत घेतले तरी ते स्वस्त नाही. २०२६ मध्ये ‘पार्ट ए’चा पूर्ण हप्ता दरमहा ५६५ डॉलर आणि डॉक्टर-तपासण्यांच्या ‘पार्ट बी’चा नेहमीचा हप्ता २०२.९० डॉलर आहे. माणशी दरमहा सुमारे ७६८ डॉलर, दोघांचे दीड हजारांवर, आणि औषधांचा भाग वेगळा. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेलाही बहुतांश नव्या ग्रीन कार्डधारकांसाठी पाच वर्षांची अट आहे. काही राज्यांचे नियम वेगळे आहेत.

तातडीच्या वेळी रुग्णालय दारातून परत पाठवत नाही, हे खरे आहे. १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअरशी संलग्न रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला तपासणी करून रुग्णाची प्रकृती स्थिर करावीच लागते. मात्र हा कायदा बिल माफ करत नाही. ते नंतर घरी येते, आणि भारतातल्या खासगी रुग्णालयाच्या बिलाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

मग पहिल्या पाच वर्षांत कोणता विमा?

मुख्य पर्याय आहे ‘मार्केटप्लेस’ विमा, म्हणजे ‘ओबामाकेअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखालील खासगी पॉलिसी. तिचा सर्वात मोठा गुण असा, की आधीपासूनचा आजार आहे म्हणून कंपनी नकार देऊ शकत नाही, जास्त हप्ता लावू शकत नाही आणि प्रतीक्षा कालावधीही नसतो. मधुमेह, बायपास, गुडघेबदल अशी फाइल घेऊन जाणाऱ्यांसाठी याइतकी महत्त्वाची दुसरी तरतूद नाही. ६५ वर्षांवरील पालकांनाही, मेडिकेअर लागू होत नसेपर्यंत, ही पॉलिसी घेता येते.

पण इथे तारखा पाळाव्या लागतात. ग्रीन कार्डवर अमेरिकेत आल्यानंतर ६० दिवसांची खास नोंदणी मुदत मिळते. ती हुकली तर वर्षाअखेरच्या सर्वसाधारण नोंदणीपर्यंत थांबावे लागते. शिवाय आज पॉलिसी निवडली तरी संरक्षण सहसा पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होते. ३ तारखेला उतरलेल्या दाम्पत्याचे पहिले चार आठवडे उघडेच राहतात. या अंतरापुरता स्थलांतरितांसाठीचा किंवा ‘व्हिजिटर’ विमा घ्यावा आणि तो विमानात बसण्याआधी घ्यावा.

हप्ता किती, याचे एकच उत्तर नाही. वय, जिल्हा आणि योजनेचा दर्जा यावर तो ठरतो. बहुतेक राज्यांत ज्येष्ठांना तरुणांच्या तिप्पटपर्यंत हप्ता लावता येतो; न्यूयॉर्कमध्ये मात्र वयानुसार फरक करता येत नाही. सरकारी सवलतीवर फार भिस्त ठेवू नये. मुलाने कर विवरणपत्रात आई-वडिलांना अवलंबित दाखवले तर सवलतीसाठी मुलाचेच उत्पन्न मोजले जाते. तसे दाखवले नाही आणि आई-वडिलांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असेल, तर २०२६ पासून त्यांनाही ही सवलत मिळत नाही. मुलाच्या नोकरीतील गटविम्यात आई-वडिलांना घेण्याची सोय तिथे क्वचितच असते. भारतातल्या आयटी कंपन्यांत ती सवय झाल्याने हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

‘व्हिजिटर’ विम्यावर पाच वर्षे काढण्याचा विचार काही घरे करतात, कारण हप्ता बराच कमी असतो. तो पहिल्या महिन्यापुरता ठीक आहे. अशा पॉलिसीत आधीचे आजार सहसा वगळलेले असतात. फार तर त्यांचा ‘अचानक उद्भवलेला तीव्र झटका’ ठरावीक रकमेपर्यंत धरला जातो. कोणता झटका ‘अचानक’ होता, हे ठरवते कंपनी. भारतातून निघताना विमान तिकिटासोबत मिळणारा परदेश प्रवास विमा तर परतीचा प्रवास गृहीत धरलेला असतो. कायमचे राहायला जाणाऱ्याने त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

भारतातली पॉलिसी चालू का ठेवायची?

‘तिकडे विमा घेतला, मग इथला हप्ता कशाला भरायचा?’ हा प्रश्न रास्त वाटतो. मात्र भारतातली पॉलिसी बंद करणे हा या सगळ्या प्रवासातला बहुधा सर्वात महाग निर्णय ठरतो.

एक तर मेडिकेअर अमेरिकेबाहेरचा खर्च सर्वसाधारणपणे देत नाही. मार्केटप्लेसच्या पॉलिसीही बहुधा तिथल्या रुग्णालयांपुरत्याच असतात. हिवाळ्यात चार महिने पुण्यात आल्यावर पाय मोडला तर तिकडचा विमा कामाचा नाही. दुसरे, बरेच पालक परत येतात. थंडी मानवत नाही, गाडी चालवता येत नसल्याने घरात अडकल्यासारखे होते, जोडीदार जातो, किंवा नुसतीच गावाची ओढ लागते. मेडिकेअर दातांची नेहमीची कामे, श्रवणयंत्रे आणि घरी लागणारी दीर्घकालीन शुश्रूषा यांचाही भार सहसा उचलत नाही. अशा कामांसाठी भारताची वाट धरणारे पुष्कळ आहेत. हे परत येणे कधी ७३ व्या, कधी ७८ व्या वर्षी होते. त्या वयात नवी पॉलिसी मागायला गेले तर काय होते?

भारतीय विमा नियामकाने, म्हणजे ‘इर्डाई’ने, २०२४ मध्ये नियम सौम्य केले आहेत. ६५ वर्षांवरील व्यक्तीला नवी पॉलिसी द्यायचीच नाही, असे वयाचे बंधन आता नाही. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, ‘माहिती लपवली’ म्हणून कंपनी दावा नाकारू शकत नाही. पण हे सगळे फायदे सलगतेचे आहेत. वीस वर्षे चाललेली पॉलिसी बंद केली की प्रतीक्षेचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. शिवाय वयाचे बंधन नसणे म्हणजे कंपनीवर होकाराची सक्ती असणे नव्हे.

म्हणून पॉलिसी सुरू ठेवावी, गरज पडली तर विमा रक्कम कमी करावी, पण खंड पडू देऊ नये. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत असते. परदेशात बसून ती विसरली जाणे सहज घडते. हप्ता खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करावी. निघण्याआधी कंपनीला निवासाचा देश बदलत असल्याचे लेखी कळवावे आणि ‘भारतातील उपचारांसाठी पॉलिसी चालू राहील’ हे उत्तरही लेखी घ्यावे. एजंटाचे तोंडी ‘काही प्रॉब्लेम नाही साहेब’ दाव्याच्या वेळी उपयोगाला येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी शून्य झाला आहे, तेवढा भार हलका झाला.

सत्तरीनंतर मिळणाऱ्या पाच लाखांच्या आयुष्मान कार्डाचा उल्लेखही अशा चर्चेत होतो. ते भारतातील संलग्न रुग्णालयांपुरते आहे. त्याच्या भरवशावर खासगी पॉलिसी सोडणे योग्य नाही.

बँक, पेन्शन आणि ओटीपी

कायमचे राहण्याच्या इराद्याने देश सोडला की परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, दृष्टीने व्यक्ती अनिवासी ठरते. नेहमीचे बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते. प्राप्तिकरात मात्र निवासी की अनिवासी, हे दर आर्थिक वर्षी दिवस मोजून ठरते. त्यामुळे एकच माणूस एका वर्षात बँकेसाठी अनिवासी आणि प्राप्तिकरासाठी निवासी असू शकतो. यात गोंधळ होणे स्वाभाविक आहे, पण बँकेला न कळवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

अनिवासी झाल्यावर मुदत ठेवींचे गणित बदलते. ज्येष्ठ नागरिक दरवर्षी भरतात तो ‘१५ एच’ म्हणून ओळखला जाणारा अर्ज आता चालत नाही. एनआरओ खात्यातील व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो. अमेरिकेशी असलेल्या करारानुसार योग्य कागद दिल्यास तो १५ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो. जादा कापलेला विवरणपत्र भरून परत मागता येतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासींना नवे खाते उघडता येत नाही. पीपीएफचे असलेले खाते मुदतपूर्तीपर्यंत चालते, पुढे वाढवता येत नाही.

एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम, कर भरल्याचे कागद देऊन, परदेशी नेता येते. निघण्याआधी, निवासी असतानाच पैसे पाठवले तर मर्यादा अडीच लाख डॉलरची आहे, आणि वर्षाला १० लाख रुपयांवरील रकमेवर २० टक्के टीसीएस आधी कापला जातो. तो करात वळता होतो, पण काही महिने पैसे अडकतात.

पेन्शनर असाल तर हयातीचा दाखला कसा द्यायचा, हे बँकेत किंवा कोषागारात प्रत्यक्ष जाऊन विचारावे. आधारवर आधारित ‘जीवन प्रमाण’ आहे, भारतीय दूतावासाचा मार्ग आहे. पण आपले पेन्शन देणारे कार्यालय काय स्वीकारते, ते लिहून घेतलेले बरे. नोव्हेंबर चुकला की पेन्शन थांबते आणि ते पुन्हा सुरू करायला सातासमुद्रापलीकडून फोन करत बसावे लागते.

सर्वात क्षुल्लक वाटणारी आणि सर्वात जास्त अडवणारी गोष्ट म्हणजे मोबाइल नंबर. बँक, आधार, विमा, प्राप्तिकर यांचे सगळे ओटीपी त्या एका सिमकार्डवर येतात. ९० दिवस काहीच वापर नसेल तर ते बंद होऊन नंबर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. रोमिंग सुरू करून, किमान रिचार्ज चालू ठेवून ते सिम सोबत न्यावे. ते भाच्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून जाऊ नये.

घराचे काय?

इथे घाईने घेतलेला निर्णय दोन्ही बाजूंनी कर वाढवतो. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. विक्रेता अनिवासी असेल तर ही कपात कितीतरी मोठी असते आणि कमी कपातीसाठी प्राप्तिकर खात्याकडून प्रमाणपत्र आणावे लागते. शिवाय ग्रीन कार्ड मिळाल्यावर घर विकले तर नफा अमेरिकेतही मोजला जातो, आणि तो मूळ खरेदी किमतीपासून; तिथे राहायला गेलेल्या दिवशीची किंमत धरली जात नाही. १९९० मध्ये दोन-तीन लाखांना घेतलेला कोथरूडचा किंवा डोंबिवलीचा फ्लॅट विकायचाच असेल, तर तो जाण्याआधी विकायचा की नंतर, यावर सनदी लेखापालाशी एक तास बोलणे त्याच्या फीपेक्षा नक्कीच स्वस्त पडते.

घर ठेवायचे असेल तर कुलमुखत्यारपत्र लागते. ते निघण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे. परदेशातून करायचे तर तिथे दूतावासाचे साक्षांकन, मग महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, असा फेरा पडतो. त्यात सरसकट ‘सर्व अधिकार’ देऊ नयेत. सोसायटी, भाडेकरार, वीज, मालमत्ता कर एवढे पुरते. ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, आणि देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली तरीही संपते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या सहीने दिलेले जुने मुखत्यारपत्र दाखवून व्यवहार करणे कायद्यात बसत नाही. म्हणून खाती दोघांच्या नावे, नामनिर्देशन सगळीकडे, आणि स्पष्ट मृत्युपत्र, ही तिन्ही कामे स्वतंत्रपणे करावीत. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे.

अमेरिकेचा कर भारतातल्या पैशांवरही?

होय. ग्रीन कार्डधारकाला जगभरातले उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावे लागते : पेन्शन, भाडे, मुदत ठेवींचे व्याज, इतकेच काय पीपीएफचे व्याजसुद्धा. दुहेरी करआकारणी टाळणाऱ्या करारामुळे भारतात भरलेल्या कराचे श्रेय मिळते, पण दाखवणे टळत नाही. परदेशातील सगळ्या खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तर त्यांची माहिती ‘एफबार’ या वेगळ्या फॉर्मवर द्यावी लागते. निवृत्त माणसाच्या ठेवी ही मर्यादा सहज ओलांडतात. भारतीय म्युच्युअल फंडांचे अमेरिकेतील करनियम विशेष किचकट आहेत. ते ठेवायचे की नाही, हे जाण्याआधी ठरवावे.

‘सहा महिन्यांतून एकदा जाऊन येऊ’ चालते का?

ग्रीन कार्ड टिकवायला सहा महिन्यांतून एकदा अमेरिकेत पाय ठेवला की झाले, ही समजूत घरोघरी आहे. हे कार्ड तिथे कायम राहण्यासाठी आहे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठीची सलगता तुटल्याचे गृहीत धरले जाते; एक वर्षाहून जास्त राहिल्यास कार्डच सोडून दिल्याचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा पुनर्प्रवेश परवाना मिळतो, पण अर्ज करताना व्यक्ती अमेरिकेत असावी लागते. आणि मेडिकेअरला हवी असलेली सलग पाच वर्षे लांबच्या भारतवाऱ्यांनी पुन्हा अडचणीत येऊ शकतात.

त्यामुळे वर्षातले सहा-सात महिने गावीच काढायचे असतील, तर ग्रीन कार्डचा हट्ट धरण्याआधी थांबून विचार करावा. अमेरिकेच्या ‘बी-२’ पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येते. भारतातली खाती, ठेवी, करसवलती जशाच्या तशा राहतात आणि विमा फक्त मुक्कामापुरता घ्यावा लागतो. पालकांचा ग्रीन कार्डचा अर्ज एकदा दाखल झाला, की पर्यटक व्हिसा मिळवणे अवघड होऊ शकते. म्हणून हा विचार आधीच व्हायला हवा. कॅनडातील मुलांकडे जाणाऱ्यांसाठी ‘सुपर व्हिसा’ आहे : एका वेळी पाच वर्षांपर्यंत मुक्काम, पण किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्य विमा काढल्याशिवाय तो मिळतच नाही. विम्याचा प्रश्न तिथे व्हिसाच्या दारातच विचारला जातो. अमेरिकेत तो कुटुंबाने स्वतःला विचारायचा असतो.

हातातल्या पिशवीत काय?

डिस्चार्ज कार्डे, ईसीजी, शस्त्रक्रियेचे तपशील, स्टेंट किंवा पेसमेकरचे कार्ड हे सगळे हातातल्या सामानात. स्कॅन केलेली प्रत मुलाकडे. सुमारे तीन महिन्यांची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडचे नव्हे, औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. भारतातले ब्रँड तिथल्या औषध दुकानदाराला ओळखू येत नाहीत आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या आपल्याकडच्या गोळ्या तिथे तशाच मिळतील असे नाही. साध्या पॅरासिटामॉललाही तिकडे ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ म्हणतात. तिथल्या नव्या डॉक्टरची पहिली वेळ मिळायला आठवडे लागू शकतात, तोवर याच पिशवीवर भागवायचे असते.